'बस' आणि 'कोच' : एका शब्दभेदाचा इतिहास

इंग्रजीतील 'बस' हा व्युत्पत्तिदृष्ट्या शब्द नव्हेच; तो विभक्तिप्रत्ययाचा तुकडा होय. लॅटिन 'ओम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठी'. त्यातील प्रकृती गळाली आणि चतुर्थीच्या बहुवचनाचे शेपूट तेवढे उरले. जॉर्ज शिलिबीअर याने ४ जुलै १८२९ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी ओम्निबस सुरू केली. 'कोच' हा शब्द पुष्कळ जुना. हंगेरीतील कोच या गावाच्या नावावरून तो आला.

या दोहोंतील भेद वाहनाच्या घडणीत शोधणे फारसे फलदायी नाही. १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने तो भाड्यावरून ठरविला. प्रत्येक उतारूकडून निदान एक शिलिंग घेणारी गाडी ती 'एक्स्प्रेस कॅरेज', त्याहून कमी भाड्यातही नेणारी ती 'स्टेज कॅरेज'. येथे मौज अशी की, टप्प्याटप्प्याला घोडे बदलीत दूर जाणाऱ्या 'स्टेज कोच'चे विशेषण कायद्याने गावातल्या बसला दिले; विशेष्य मात्र लोकांच्या तोंडी दूरच्या गाडीकडेच राहिले. १९३२ साली उघडलेल्या व्हिक्टोरिया कोच स्टेशनच्या नावात हीच रूढी दिसते.

शिलिंगाचे मोल घसरत गेले, तशी ही कसोटीही लटकी पडली. १९८० च्या कायद्याने भाड्याऐवजी ३० मैलांचे अंतर प्रमाण मानले व त्यापलीकडील गाड्यांना मार्ग-परवान्यातून मुक्त केले. म्हणजे व्यवसायस्वातंत्र्य संज्ञेच्या व्याख्येवर अवलंबून होते. १९८५ च्या कायद्यात 'स्टेज कॅरेज' जाऊन 'लोकल सर्व्हिस' आली आणि सीमारेषा १५ मैलांवर, तीही सरळ रेषेत मोजलेल्या, आणली गेली.