मोटारगाडीचे पुढील दिवे : मंदपणाचा इतिहास व घरगुती तपासणी

रात्री रस्ता दिसावा म्हणून मोटारगाडीच्या पुढील भागी बसविलेल्या दिव्यांना व्यवहारात ‘हेडलाइट’ म्हणतात. प्रकाशाचा उगम, तो पुढे फेकणारा परावर्तक, प्रकाशझोताला आकार देणारे वा त्यावर आवरण घालणारे काचेचे किंवा प्लॅस्टिकचे भिंग आणि ऊर्जा पुरविणारी यंत्रणा हे त्यांचे चार मुख्य घटक होत. यांपैकी एकात जरी दोष उत्पन्न झाला, तरी प्रकाश मंदावतो. ताशी ८० किमी. वेगाने जाणारी गाडी चालकाला अडथळा दिसल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही सु. ६०–७० मी. अंतर कापते. मंद दिव्यामुळे अडथळा याहून जवळ आल्यावर दिसला, तर ब्रेक उत्तम असूनही अपघात टळत नाही. मंदपणा सावकाश येतो व डोळ्यांना त्याची सवय होते. म्हणून तो सहसा ध्यानात येत नाही. दिव्यांच्या इतिहासात या मंदपणाची कारणे बदलत गेली आणि ती दूर करण्याचे काम कधी मालकाच्या हाती राहिले, तर कधी हातातून गेले.

ज्योतीचे दिवे : आरंभीच्या गाड्यांवर तेलाचे दिवे असत. १८९२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची विद्युत् भट्टीची रीत अमेरिकेत सापडली आणि ॲसिटिलिनाचे दिवे प्रचारात आले. कार्बाइडावर पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू निर्माण होतो व चुन्याचा लगदा मागे राहतो. हा लगदा साचला, ज्वालकाचे छिद्र काजळीने बुजले किंवा चांदीचा मुलामा दिलेला परावर्तक काळवंडला, म्हणजे दिवा मंदावे. तिन्ही दोष डोळ्यांना दिसत. छिद्र बारीक तारेने साफ करणे व परावर्तक मऊ कापडाने उजळणे ही चालकाची नित्याची कामे होती.

विजेचे दिवे : १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा आरंभक, प्रज्वलन व दिवे यांची एकत्रित यंत्रणा आली. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ला १९१५ मध्ये विजेचे पुढील दिवे मिळाले, परंतु त्यांना वीज इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोकडून मिळत असल्याने इंजिनाचा वेग कमी होताच प्रकाश मंदावे. डायनामो असलेल्या गाड्यांतही इंजिन सावकाश चालत असताना विद्युत् पुरवठा अपुरा पडे. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंट गाडीपासून ऑल्टरनेटरचा प्रसार सुरू झाला आणि ही अडचण बरीच कमी झाली.

विजेमुळे मंदपणाचे कारण मात्र डोळ्यांआड गेले. तप्त तंतूच्या बल्बाचा प्रकाश विद्युत् दाबाच्या सु. ३·४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाब १० टक्क्यांनी घटल्यास प्रकाश सु. ३० टक्क्यांनी घटतो. गंजलेला सांधा किंवा सैल जोडणी एवढी घट सहज घडवून आणते. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची पद्धती रूढ झाली. त्यामुळे तेवढ्याच शक्तीच्या बल्बाला निम्मा प्रवाह पुरू लागला आणि तारांतील दाबाची शेकडा घट चौथ्या हिश्श्यावर आली.

सीलबंद दिवा आणि त्यानंतर : अमेरिकेत १९४० च्या गाड्यांपासून तंतू, परावर्तक व भिंग एकाच बंद काचपात्रात असलेला ठराविक आकाराचा दिवा सर्वत्र वापरला जाऊ लागला. त्यात धूळ व दमट हवा शिरत नसल्याने परावर्तक काळवंडत नसे. तथापि तंतू तुटल्यास सबंध दिवाच बदलावा लागे. यूरोपात बल्ब बदलण्याची सोय कायम राहिली. तेथे १९६२ मध्ये हॅलोजन बल्ब आला. साध्या बल्बात तंतूपासून उडालेले टंगस्टन काचेवर बसून ती काळी पडते. हॅलोजनामुळे ते तंतूकडे परत जाते. भारतात अँबॅसडर व मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना काचेचे गोल दिवे असत. काच पिवळी पडत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेने नियम बदलला आणि १९८४ च्या लिंकन मार्क ७ या गाडीत पॉलिकार्बोनेटाचे आवरण असलेले दिवे आले. हे प्लॅस्टिक हलके व चिवट असते. पण वरचा संरक्षक लेप झिजल्यावर उन्हातील जंबुपार किरणांनी ते पिवळसर व धुरकट होते. काळवंडणाऱ्या परावर्तकाच्या जागी आता धुरकट भिंग आले.

घरगुती तपासणी : दोन्ही दिवे मंद आहेत की एकच, हे प्रथम पाहावे. दोन्ही मंद असून इंजिनाचा वेग वाढविताच उजळत असतील, तर ऑल्टरनेटर, त्याचा पट्टा व बॅटरीची अग्रे तपासावीत. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारणपणे १३·५ ते १४·५ व्होल्ट दाब अपेक्षित असतो. दिवे लावून बल्बाच्या अग्रांवर तो पुन्हा मोजावा. फरक अर्ध्या व्होल्टहून बराच अधिक असल्यास दोष तारांत, स्विचात किंवा जोडणीत असतो. एकच दिवा मंद असल्यास त्याची अर्थिंगची जोडणी पाहावी. दिव्याचे अर्थिंगचे अग्र व बॅटरीचे ऋण अग्र स्वतंत्र तारेने जोडताच प्रकाश वाढला, तर मूळ जोडणी गंजली आहे असे समजावे. दाब योग्य असल्यास बल्ब, परावर्तक व भिंग यांकडे वळावे. धुरकट भिंग पाण्याबरोबर उत्तरोत्तर बारीक पॉलिश पेपरने घासून उजळता येते. मात्र त्यावर जंबुपार किरणरोधक लेप न दिल्यास ते लवकरच पुन्हा पिवळे पडते. हॅलोजन बल्बाच्या काचेला बोट लावू नये, कारण बोटांवरील तेलकटपणामुळे काच त्या ठिकाणी अतितप्त होऊन बल्ब निकामी होऊ शकतो.

मंदपणावर उपाय म्हणून अधिक वॉटचा बल्ब बसविणे घातक होय. त्याने प्रवाह वाढतो, दोषी जोडणी अधिक तापते आणि तारांचे आवरण वितळून आग लागण्याचाही संभव असतो.

१९९१ पासून मोटारींत आलेल्या झेनॉन दिव्यांना पेटताना सु. २०,००० व्होल्ट दाब लागतो. त्यामुळे त्यांची दुरुस्ती घरी करू नये. एलईडी दिवे २००७ च्या सुमारास मोटारींत आले. त्यांपैकी पुष्कळ दिव्यांत सुटा बल्ब नसल्याने दोष आल्यास सबंध संचच बदलावा लागतो. या बाबतीत ते सीलबंद दिव्याच्या जवळचे असले, तरी सीलबंद दिवा ठराविक मापाचा असल्याने सर्वत्र मिळे, तर एलईडी संच बहुधा त्या त्या गाडीपुरताच बनविलेला असतो. भिंगाची स्वच्छता व विद्युत् दाबाची तपासणी ही कामे मात्र अद्यापि गाडीच्या मालकाच्या आवाक्यात आहेत.