सोड्याचा भाव

एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर तेलाचा चिकटा साठलेला असतो, मोरीची फरशी मेणचटलेली असते, मसोत्यांना वास येत असतो, थर्मासच्या तळाशी चहाचा तपकिरी थर बसलेला असतो. सुपरमार्केटात या चार दुखण्यांसाठी चार रंगांच्या चार बाटल्या मिळतात. किराणा दुकानात मात्र चारही दुखण्यांवर एकच औषध असतं. बहुतेकदा ते खालच्या फळीवर, बिननावाच्या प्लास्टिकच्या पुडीत पडलेलं असतं: धुण्याचा सोडा.

त्याचं काम साधं आहे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो पाण्यात विरघळला की पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं. असं पाणी तेला-तुपाचा थर सैल करतं आणि त्यातल्या थोड्या भागाचा जागच्या जागी साबण करून टाकतं. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही तो खाली बसवतो, त्यामुळे साबणाला फेस येतो. त्याच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. ॲल्युमिनियमची भांडी काळी पडतात, लोकर आणि रेशीम खराब होतं, हाताची कातडी सोलवटते. खाण्याचा सोडा हा त्याचाच सौम्य भाऊ. तो तापवला की कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघून जाते आणि मागे धुण्याचा सोडा उरतो.

हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. मला कुतूहल आहे ते त्याच्या भावाचं. इतक्या कामाची वस्तू इतकी स्वस्त कशी? ती नेहमीच स्वस्त होती का? आणि नसेल, तर मधला फरक कोणी भरला?

कारखाने येण्याआधी सोडा मिळायच्या दोन वाटा होत्या, राख आणि तळी. चुलीतली राख भांडी घासायला चालते, कारण तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं. खाऱ्या जमिनीत आणि समुद्रकाठी वाढणाऱ्या वनस्पतींच्या राखेत मात्र सोडियमचा क्षार मिळतो. आपल्याकडचा सज्जीखार तो हाच. सुश्रुतसंहितेत क्षार तयार करण्याची कृती तपशिलात दिलेली आहे. पापडखार घराघरांत असतोच. अरबीत अशा राखेला 'अल-कली' म्हणत. इंग्रजीतला 'अल्कली' शब्द तिथूनच आला.

तळ्यांची वाट आपल्या अगदी जवळची आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आज उल्कापाताचं विवर म्हणून प्रसिद्ध आहे, पण शेकडो वर्षं त्याची ओळख खाराचं गाव अशी होती. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाडच्या वर्णनात लोणार येतं ते काच आणि साबण करायला लागणाऱ्या मालाची जागा म्हणून. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठावर खाराची पापडी धरायची आणि ती गोळा केली जायची. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी प्रतवारीची नावंही होती. हा सोडा थोडा होता, ऋतूवर अवलंबून होता आणि त्याला मेहनत फार होती. तो स्वस्त होणं शक्यच नव्हतं.

तिकडे युरोपातही हीच अडचण होती. काच, साबण, कापड या सगळ्यांना सोडा लागायचा आणि फ्रान्सला तो स्पेनच्या किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या राखेतून आणावा लागायचा. मिठापासून सोडा करून दाखवणाऱ्याला फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं बक्षीस जाहीर केलं. निकोला लब्लां या वैद्यानं ते कोडं सोडवलं आणि १७९१ मध्ये पेटंट घेतलं. त्याचा आश्रयदाता होता ऑर्लेआंचा ड्यूक. १७९३ मध्ये ड्यूकचा शिरच्छेद झाला, कारखाना जप्त झाला आणि लब्लांची पद्धत देशहिताच्या नावाखाली जाहीर करून टाकली गेली. पुढे नेपोलियनच्या काळात कारखाना परत मिळाला, पण तो चालवायला लब्लांकडे पैसा नव्हता. १८०६ मध्ये त्यानं आत्महत्या केली. स्वस्त सोड्याच्या हिशेबातली ही पहिली नोंद.

त्याची पद्धत खरी फोफावली ती ब्रिटनमध्ये. त्याला कारण होतं एक करविषयक निर्णय. मिठावरचा कर १८२५ मध्ये तिथे पूर्णपणे रद्द झाला आणि सोड्याचा कच्चा माल एकदम आवाक्यात आला. लिव्हरपूल आणि आसपासच्या गावांत कारखाने उभे राहिले. (त्याच ब्रिटिशांनी हिंदुस्थानातला मिठावरचा कर १९४७ पर्यंत चालू ठेवला, आणि चेशायरचं मीठ जहाजांनी बंगालात आणून विकलं.)

लब्लां पद्धतीची पहिली पायरी म्हणजे मिठावर गंधकाम्ल ओतणं. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. कारखानदार तो सरळ धुराड्यातून सोडून देत. आसपासची झाडं करपली, शेतं जळाली. आत काम करणारे मजूर तोंडाला फ्लॅनेलची चिंधी गुंडाळून उभे राहत, तरी आम्लाच्या वाफांनी त्यांचे दात झिजून जात. सोडा स्वस्त झाला होता, कारण हा खर्च कारखान्याच्या वहीत लिहिला जातच नव्हता. तो शेजारच्या शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या खाती पडत होता.

१८६३ मध्ये ब्रिटिश संसदेनं अल्कली कायदा केला. त्यानुसार त्या वायूपैकी किमान ९५ टक्के पाण्यात अडवणं बंधनकारक झालं. तपासणीसाठी नेमलेला पहिला निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ पुढे 'आम्लवर्षा' या शब्दामुळे ओळखला गेला. यातली गंमत पुढे आहे. सक्तीनं अडवलेल्या आम्लाचं करायचं काय, या प्रश्नाला कारखानदारांनी उत्तर शोधलं. आम्लापासून क्लोरिन आणि क्लोरिनपासून ब्लीचिंग पावडर. जी घाण फुकट सोडून दिली जात होती तिचे पैसे यायला लागले. आपल्या मोरीत सोड्याशेजारी ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड असतं. त्या काळात ही तिन्ही एकाच भट्टीची लेकरं होती.

बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वेनं १८६० च्या दशकात ही भट्टीच मोडीत काढली. मिठाचं पाणी, अमोनिया आणि चुनखडीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड एकत्र आणला की खाण्याचा सोडा खाली बसतो. तो भाजला की धुण्याचा सोडा मिळतो. अमोनिया पुन्हा वापरता येतो. ही पद्धत लब्लांच्या मानानं कितीतरी स्वच्छ, पण निर्मळ नव्हे. इटलीत रोझिन्यानोजवळचे पांढरेशुभ्र किनारे पर्यटकांना उष्ण कटिबंधातले वाटतात. तो पांढरा रंग सॉल्वेच्या कारखान्यानं टाकलेल्या गाळाचा आहे.

इंग्लंडमध्ये ही पद्धत ब्रनर आणि मॉन्ड यांनी नेली. चेशायरमध्ये विनिंग्टन इथे १८७३ मध्ये त्यांची कंपनी सुरू झाली आणि तिचा सोडा हिंदुस्थानच्या बाजारात येऊ लागला. सॉल्वे पद्धत कॉलेजच्या पुस्तकात चार समीकरणांत मावते, पण प्रत्यक्षात ती चालवण्याचं ज्ञान मोजक्या कंपन्यांच्या मुठीत होतं आणि त्या ते विकायला तयार नव्हत्या. बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात, द्वारकेजवळच्या ओखामंडळात, कपिलराम वकील यांनी मिठागरं उभी केली होती. तिथेच १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि गावाचं नाव पडलं मिठापूर. समुद्र दारात, चुनखडी जवळ. कोळसा आणि गोडं पाणी मात्र दुर्मीळ. अशा ठिकाणी इथल्या अभियंत्यांनी ती पद्धत बऱ्याच अंशी स्वतः चाचपडत बसवली.

पुढचा टप्पा आपल्या आईवडिलांच्या आठवणीतला आहे. १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत निर्मा सुरू केली. नामांकित पावडरीच्या जवळपास पाव किमतीत ती मिळायची आणि तिच्यातला मोठा घटक होता सोडा. डिटर्जंट ही मध्यमवर्गाची चैन राहिली नाही. सोड्याच्या भावानं आपल्या देशातली घरं किती बदलली, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

मग इतिहासानं एक वळसा घेतला. टाटा केमिकल्सनं २००५ च्या सुमारास ब्रनर मॉन्डच विकत घेतली. तिच्यासोबत केनियातलं मगाडी तळं आलं, जिथे सोडा नैसर्गिकरीत्या साठतो. निर्मानं २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सर्ल्स या कोरड्या तळ्यातून खार काढणारी कंपनी घेतली. विनिंग्टनमधलं सोड्याचं उत्पादन २०१४ मध्ये बंद पडलं. दोनशे वर्षं मिठाशी झगडून सोड्याचा धंदा काही अंशी पुन्हा तळ्याकाठी आला. लोणारचा खार मात्र आता कोणी खरवडत नाही. २०२० मध्ये ते रामसर स्थळ झालं, आणि तिथला खार तिथेच असावा हे योग्यच.

राहिला तो शेवटचा हिशेब, आणि तो आपल्या घरातला आहे. सोडा आणि सोड्याची पावडर आपल्याकडे बहुतेकदा घरमालकाच्या हातात नसते. ती असते धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या हातात, दिवसाला चार-पाच घरांत, ओल्या उघड्या हातांवर. बोटांच्या पेरांवरच्या भेगा आणि नखांभोवतीची सोललेली कातडी कुठल्याही पुडीच्या किमतीत धरलेली नसते. लिव्हरपूलच्या धुराड्याखालच्या मजुराचे दात जसे वहीबाहेर होते, तशाच या भेगा. तिथला खर्च वहीत आणायला संसदेला कायदा करावा लागला. इथे रबरी हातमोज्यांचा एक जोड पुरतो. ज्या दुकानात सोडा मिळतो, तिथेच तोही मिळतो.