जुन्या कुकरीचा कालनिर्णय : अक्षर, संवत आणि घडण

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशात लाकूड तोडावयाची कुऱ्हाड आणि झुडुपे छाटावयाचा कोयता यांना जे नाव, तेच तलवारीसही चालते : हत्यार. अवजार आणि शस्त्र यांतील भेद मराठीने या शब्दात राखलेला नाही. नेपाळची खुकुरी, जी मराठीत कुकरी म्हणून रूढ झाली, ती याच जातीची वस्तू होय. सरपण फोडणे, भाजी चिरणे, बळीचा पशू छेदणे आणि रणात लढणे ही सर्व कामे तिने केली. कोयत्याप्रमाणे तिची धार वाकाच्या आतल्या बाजूस असते. मात्र टोकाकडे रुंदावणारे पाते आणि मुठीजवळील धारेतली खाच यांमुळे ती वेगळी ओळखू येते. कुकरी ओळखणे अशा रीतीने सोपे. तिचे वय ओळखणे कठीण. संग्राहकाची फसगत होते ती येथेच.

कर्कपॅट्रिक १७९३ मध्ये नेपाळात गेला आणि १८११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात कुकरीचे चित्र आले. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज–नेपाळ युद्धानंतर तिची कीर्ती पसरली. गोरखा पलटणींबरोबर ती देशोदेशी गेली, आणि मागणी वाढताच प्रवाशांकरिता नव्या कुकऱ्याही घडू लागल्या. म्हणून ‘जुनी’ या विक्रेत्याच्या शब्दापलीकडे जाऊन वस्तूचीच साक्ष घ्यावी लागते.

या साक्षीत पहिला मान कोरलेल्या अक्षरांचा. काठमांडूच्या लगन येथील शस्त्रसाठा २००३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला व त्यातील कुकऱ्या बाजारात आल्या. त्यांपैकी अनेकींवर देवनागरीत पलटणींची नावे, अंक व संक्षेप कोरलेले आढळतात. अशा भांडारास नेपाळीत ‘सिलखाना’ म्हणतात. शिवकालीन अठरा कारखान्यांतील ‘शिलेखाना’ तो हाच. पाश्चात्त्य संग्राहकास ही अक्षरे नक्षीसारखी वाटतात. मराठी वाचकास ती सरळ वाचता येतात. परंतु या सोयीतच धोका आहे. अ, झ, ण, ल, श ही अक्षरे आणि ५, ८, ९ हे अंक यांची उत्तरेकडील जुनी वळणे मुंबईच्या छापील वळणाहून भिन्न आहेत. अंक ओळखीचा वाटला म्हणून तो बरोबर वाचला गेला, असे होत नाही.

अंक निश्चित झाल्यावर संवताचा प्रश्न येतो. विक्रम संवतातून सामान्यतः ५७ वजा करावे, शकात ७८ मिळवावे आणि नेपाळ संवतात सुमारे ८८० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. नेपाळच्या नाण्यांवर १९११ पर्यंत शक चालत असल्याने ही शक्यता विसरता येत नाही. समजा, पात्यावर १८१० हा आकडा आहे. तो विक्रम संवत मानल्यास १७५३ येते, शक मानल्यास १८८८. नेपाळ संवत मानल्यास येणारे वर्ष अद्याप उगवावयाचे आहे. त्याच पात्यावर ‘श्री ३’ ही उपाधी असेल, तर निर्णय होतो. कारण ही राणा महाराजांची उपाधी असून ती जंगबहादुरास १८५६ मध्ये मिळाली. ‘श्री ५’ ही मात्र राजाची उपाधी होय.

अक्षराची साक्ष घडणीने पडताळावी लागते, कारण लेख मागाहूनही कोरता येतो. जुन्या मुठीत पात्याचा निमुळता भाग लाखेने बसविलेला असतो. नेपाळी ‘लाहा’ आणि मराठी ‘लाख’ ही दोन्ही संस्कृत ‘लाक्षा’ची रूपे, गडचिरोलीच्या जंगलातही ती पळस व कुसुम या झाडांवरून गोळा होते. याउलट मुठीच्या दोन फळ्या खिळ्यांनी जखडलेल्या असतील, तर वस्तू बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची वा त्यानंतरची. महायुद्धकाळातील अनेक सैनिकी कुकऱ्यांवर कारखान्याची खूण व साल रोमी लिपीत ठोकलेले असते. म्यानातील दोन लहान सुऱ्याही पाहाव्यात. धारेची ती ‘कर्द’, हा फारसी शब्द. बोथट ती ‘चकमक’, हा शब्द मूळचा तुर्की. गारेवर ठिणगी पाडावयाचे व धार लावावयाचे काम तिचे. सुऱ्यांचा घाट मुख्य पात्याशी जुळत नसेल, तर संच मागाहून जुळविला असण्याचा संभव आहे.

नेपाळी शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी टर्नर यांचा १९३१ चा कोश उपयुक्त ठरतो. हे टर्नर महायुद्धात गोरखा पलटणीत होते आणि मराठीतील स्वराघातावर त्यांनी १९१६ मध्ये निबंध लिहिला होता.

खरा अनर्थ घडतो तो खरेदीनंतर. गंज काढून पाते आरशासारखे उजळविण्याच्या हौसेत उथळ अक्षरे घासून जातात आणि वापराने झालेली झीजही पुसली जाते. मग जे उरते ते चकचकीत पोलाद. त्याचा काळ सांगणारे काही उरत नाही. सैल गंज तेलाने व मऊ कापडाने काढून अक्षरांचा ठसा वा छायाचित्र आधी घ्यावे, हेच श्रेयस्कर. शंभर वर्षांवरील वस्तू भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते; ती खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, आणि विक्रेत्यास परवाना लागतो. नेपाळचा १९५६ चा कायदाही अशा वस्तूंची निर्यात रोखतो. म्हणून विक्रेत्याची पावती व वस्तूच्या पूर्वमालकीची नोंद ही केवळ व्यवहाराची कागदपत्रे नव्हेत. अक्षर, संवत व घडण यांच्या जोडीची ती चौथी साक्ष होय. चारही साक्षी जुळल्या, तरच कुकरीस ‘जुनी’ म्हणावे.