तंजावरची धावपट्टी आणि हवेचा रोध

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आणि 1855 साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारताच कंपनी सरकारने ते संस्थान खालसा केले, एवढ्यावर तंजावरचा मराठी अध्याय संपला असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. परंतु 20 जानेवारी 2020 रोजी तेथील महायुद्धकालीन विमानतळावर ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहणाऱ्या सुखोई-30 विमानांची 222 वी तुकडी रुजू झाली, तेव्हा तिच्यामागे मराठी मुलुखात झालेले दीर्घ परिश्रम उभे होते.

या परिश्रमांचे मूळ विमानाला मागे खेचणारा हवेचा रोध अभ्यासणाऱ्या वायुगतिशास्त्रात आहे. त्या शास्त्राचे आपले आद्य पुरुष कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे विष्णु माधव घाटगे. 1936 साली त्यांनी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. हवेचे घर्षण पृष्ठभागालगतच्या अत्यंत पातळ सीमास्तरातच प्रभावी असते, आणि तो स्तर पृष्ठभागापासून सुटला की मागे भोवरे उठून रोध वाढतो, हे प्रांटल यांनी 1904 सालीच सांगितले होते. बंगळूरच्या विमान कारखान्यात घाटग्यांनी रचलेले एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 साली उडाले, त्याची चाके पोटात मिटत नसत. वाऱ्यात उघड्या राहणाऱ्या चाकांचा रोध साधेपणासाठी पत्करलेला होता. उत्तम आकार म्हणजे परस्परविरोधी मागण्यांचा तहनामा, हे मला या शास्त्राचे मर्म वाटते.

तीच गोष्ट सुखोईची. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तिची काया बळकट करून पोटाखाली अडीच टनांचे क्षेपणास्त्र टांगण्यात आले, आणि 25 जून 2016 रोजी तेथूनच त्यासह पहिले उड्डाण झाले. अशा ओझ्याचा रोध नुसत्या बेरजेने निघत नाही: विमानाचा निराळा, क्षेपणास्त्राचा निराळा, आणि दोहोंमधील फटीत कोंडून वेग घेणाऱ्या प्रवाहाचा तिसराच, ध्वनीच्या वेगानजीक तेथे आघाततरंग उमटले की सारा हिशेब पालटतो. म्हणून रोध प्रथम समीकरणांनी अजमावायचा, मग वातबोगद्यात प्रतिकृती तराजूवर जोडून तोलायचा आणि अखेरीस प्रत्यक्ष उड्डाणात इंधनाच्या खर्चाशी ताळा घ्यायचा, असा या कामाचा शिरस्ता आहे. 22 नोव्हेंबर 2017 रोजी बंगालच्या उपसागरावर सुखोईतून क्षेपणास्त्र सुटले. ओझ्याच्या रोधापायी विमानाचा पल्ला घटतोच. परंतु तंजावरहून समुद्र जवळ असल्याने तेथील वैमानिकाला भूमीवरून लांबचा प्रवास करीत इंधन खर्ची घालावे लागत नाही.