लोहपुरुषाची सुधारून वाढविलेली आवृत्ति

एखाद्या ग्रंथाची सुधारून वाढविलेली आवृत्ति कां निघते, हें वाचकांस सांगावयास नको. पहिल्या आवृत्तींतील उणीवा लक्षांत आलेल्या असतात, म्हणून ती निघते. परंतु जें युद्धयंत्र कागदाबाहेर कधीं उभेंच राहिलें नाहीं, त्याच्याहि अशा आवृत्त्या निघाव्या, आणि त्यांतून एका राष्ट्राच्या मनाचा इतिहास वाचतां यावा, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. जपानी चित्रकथांतील महाकाय यंत्रमानवांचा इतिहास असाच आहे. पोरखेळ म्हणून त्याची उपेक्षा करणाऱ्यांनीं तो एकदां तपासून पाहावा, अशी आमची विनंति आहे.

या महाकाय वंशाचा मूळपुरुष 'तेत्सुजिन २८', म्हणजे 'लोहपुरुष क्रमांक २८' होय. मित्सुतेरु योकोयामा यांनीं १९५६ सालीं 'शोनेन' या मासिकांत त्याची कथा आरंभिली. योकोयामा यांचा जन्म १९३४ सालीं कोबे येथें झाला. १९४५ सालच्या हवाई हल्ल्यांत तें शहर जळालें, तेव्हां ते दहा-अकरा वर्षांचे होते. कथेंतील लोहपुरुष हा महायुद्धाच्या अखेरीस जपानी सैन्यासाठीं चाललेला गुप्त प्रयोग आहे. नांवांतील आंकडाच सांगतो कीं, त्यापूर्वीं सत्तावीस प्रयत्न होऊन गेले. युद्ध संपलें, यंत्र मात्र उरलें, आणि तें शोतारो नांवाच्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं आलें. या यंत्रास स्वतःचें मन नाहीं. दुरून आज्ञा देणारी पेटी ज्याच्या हातीं असेल, त्याचा तो चाकर. पेटी चोरानें पळविली, तर लोहपुरुषहि चोराचाच.

हा दोष काढावयाचा कसा? १९७२ सालीं गो नागाई यांनीं 'माजिंगर झेड' या कथेंत त्यावर एक उपाय योजिला; त्यांनीं चालकालाच यंत्राच्या मस्तकांत नेऊन बसविलें. वाहनांच्या गर्दींत अडकले असतां, आपल्या मोटारीस पाय फुटून ती इतरांवरून चालूं लागली तर किती बरें होईल, या विचारांतून ही कल्पना सुचल्याचें त्यांनीं सांगितलें आहे. आतां पेटी चोरीस जाण्याचें भय उरलें नाहीं. परंतु अठरा मीटर उंचीच्या या वीरास उडतां येत नसे. शत्रु आकाशांतून चाल करून येऊं लागला, तेव्हां त्याच्यासाठीं पंखांची निराळी जोडणी करावी लागली. १९७४ सालीं 'ग्रेट माजिंगर' आला. तो पंचवीस मीटर उंच, आणि त्याचे पंख त्याच्या पाठींतच दडविलेले! मूळ चलच्चित्रमालेच्या ९२ व्या, म्हणजे शेवटच्या भागांत जुना वीर छिन्नभिन्न होऊन पडतो आणि हा नवा वीर त्याच्या साहाय्यास धांवतो. सुधारणेची आवश्यकता प्रेक्षकांस व्याख्यानानें नव्हे, पराभवानें पटविली गेली.

हा सारा खेळण्यांचा व्यापार आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यांत तथ्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. १९७९ सालीं योशियुकि तोमिनो यांची 'गंडम' ही माला सुरू झाली. तिचे ५२ भाग योजिले होते, ते ४३ वरच आटोपले. पुढें १९८० सालीं 'बांदाइ' या कंपनीनें जुळवावयाच्या प्रतिकृति बाजारांत आणल्या आणि त्या अतोनात खपल्या. मग १९८३ पासून केवळ प्रतिकृतींसाठीं त्याच यंत्रांचे नवे प्रकार निघूं लागले. कुनियो ओकावारा यांनीं वाळवंटांत लढणारें एक, खांद्यावर तोफ असलेलें दुसरें, असे ते रेखाटले. परंतु व्यापारी फार तर नवें यंत्र मागूं शकतो. तें कां नवें, हें कलावंतालाच शोधावें लागतें. 'गंडम' मध्येंच याचें सुंदर उदाहरण आहे. तेथें यंत्र शत्रूपुढें नव्हे, स्वतःच्या चालकापुढें उणें पडतें. आमुरो या तरुणाचे हात यंत्राच्या सांध्यांहून चपळ झाले, म्हणून त्या सांध्यांस चुंबकीय लेप देऊन त्यांचें घर्षण कमी करण्यांत आलें.

शरीराचे दोष असे एकामागून एक निघाले. पण मूळ दोषाचें काय झालें? १९८५ च्या 'झेटा गंडम' मध्यें 'गंडम मार्क दोन' येतो. हा नवा यंत्रमानव 'टायटन्स' नामक जुलमी दलानें आपल्यासाठीं घडविलेला, आणि रंगानें काळसर. कामिल नांवाचा तरुण तो पळवितो. बंडखोरांच्या हातीं पडतांच त्यास पांढरा रंग दिला जातो. पोलाद तेंच, शस्त्रें तींच. रंग तेवढा बदलला. चालक यंत्राच्या आंत बसवूनहि एकोणतीस वर्षांपूर्वींच्या त्या पेटीचा प्रश्न जेथल्या तेथेंच राहिला. नागाईंच्या कथेंत आजोबा आपल्या नातवास, या यंत्राच्या बळावर तूं देव होशील किंवा दैत्यहि होशील, अशा आशयाची ताकीद देतात, ती याचसाठीं. वर देणाऱ्यानें हाताचा विचार केला नाहीं म्हणजे काय होतें, हें भस्मासुराच्या कथेनें आपणांस केव्हांच शिकविलें आहे.

या कथाकारांचा मोठेपणा आम्हांस येथें दिसतो. जळालेल्या शहरांच्या आठवणी असलेल्या देशांत त्यांनीं मुलांच्या हातीं अधिकाधिक बलाढ्य यंत्रें दिलीं. परंतु बळ वाढलें म्हणजे प्रश्न सुटला, असें मात्र त्यांनीं मुलांस कधीं सांगितलें नाहीं. आज खऱ्या युद्धयंत्रांच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत, आणि वैमानिकाला विमानांतून उतरवून त्याच्या हातीं पुन्हां दूरची पेटीच दिली जात आहे. कित्येकांस तर ती पेटीहि अनावश्यक वाटूं लागली आहे. वेग किती वाढला, पल्ला किती वाढला, याचीं कोष्टकें तयार करणारांची वाण नाहीं. आज्ञा कोणाची, आणि तिचा जाब कोण देणार, हा रकाना मात्र त्यांत सांपडत नाहीं. तो मागण्याचा अधिकार आपणां सर्वांचा आहे, आणि नवी आवृत्ति निघण्यापूर्वींच तो बजावला पाहिजे.