पानशेतचा पूर आणि पेठांतील वाडे

पुण्यात मुठेच्या काठी बाजीराव पेशव्यांच्या काळचे ओंकारेश्वराचे दगडी देवालय आहे. १२ जुलै १९६१ रोजी ते पुरात बुडाले, आणि पाणी ओसरल्यावर गाळ अंगावर घेऊन जागच्या जागी उभे दिसले. शेजारच्या पेठांतील वाड्यांच्या नशिबी ते नव्हते.

आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण तेव्हा अपुरेच होते. तरीही त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिले गेले. धरणाच्या पोटातून नेलेल्या काँक्रीटच्या नळमार्गात सळया घातलेल्या नव्हत्या व त्याच्या दारांचे कामही पुरे झाले नव्हते. पाण्याच्या दणक्याने तो फुटला आणि वरची माती खचू लागली. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून बांध राखला. त्यामुळे तो रात्री न फुटता सकाळी फुटला, आणि पुणे जागे असताना पाणी आले. त्या पोत्यांनी किती जीव वाचविले, याचा हिशेब कोणी मांडावा? पुढे काही तासांनी खाली मुठेवरचे खडकवासल्याचे जुने धरणही फुटले.

शनिवार, नारायण, कसबा या पेठांतील वाड्यांचे जोते दगडी, परंतु वरच्या भिंती माती-विटांच्या. पाण्यात माती विरघळली, सागवानी खांबांचा आधार सुटला आणि माळ्यांसह वाडे खाली बसले. त्यांबरोबर देवघरातील टाक, पोथ्या, पिढ्यांचे कागद गेले. मृतांची संख्या हजाराच्या घरात सांगितली जाते. तिच्याविषयी एकमत मात्र कधीच झाले नाही.

शहर पाण्याने उद्ध्वस्त झाले, आणि पिण्याला पाणी नाही! नळाचे पाणी खडकवासल्याचेच होते. नळ आल्यापासून विस्मरणात गेलेल्या आडांकडे लोक पुन्हा वळले.

चौकशीचे काम प्रथम न्यायमूर्ती बावडेकरांकडे होते. ते चालू असतानाच त्यांचे निधन झाले व न्यायमूर्ती नाईकांनी ते पुरे केले. पुनर्वसनाचा भार स. गो. बर्वे यांनी वाहिला. गोखलेनगरात पत्र्याच्या अर्धगोल घरांच्या रांगा उठल्या. ज्यांचे देव गाळातून सापडले, त्यांनी ते धुऊन त्या पत्र्याखाली मांडले. तुळशीवृंदावने मात्र पडक्या चौकांतच राहिली.