तट्टाची किंमत

आपल्या भाषेने घोड्याला जेवढा मान दिला आहे, जवळजवळ तेवढाच अपमान तट्टाच्या वाट्यास दिला आहे. घोडामैदान जवळ आले म्हणजे पराक्रमाच्या कसोटीची वेळ आली. उलट दुसऱ्याच्या पैशावर दुसऱ्याचेच बोल बोलणारा मनुष्य म्हणजे भाड्याचे तट्टू. वरातीमागून येते तेही घोडेच. तट्टाला वरातीत जागा नाही आणि तिच्या मागेही नाही. इतिहासकारांनीही भाषेचाच कित्ता गिरविला. अरबी घोड्यांचे रंग, त्यांचे खोगीर, त्यांची किंमत यांचे वर्णन करताना त्यांची लेखणी थकली नाही. परंतु गावोगावच्या दारात बांधलेल्या त्या ठेंगण्या, काटक, पोट सुटलेल्या जनावराविषयी दोन ओळी लिहाव्यात असे फारच थोड्यांस वाटले. आणि तरीही ज्या दख्खनी स्वाराची कीर्ती अटकेपर्यंत पोचली, तो लहानपणी प्रथम बसला असेल तर ह्या तट्टाच्याच पाठीवर. म्हणून मध्यम स्थितीतील गृहस्थास आपल्या मुलासाठी परवडेल असे तट्टू कोठे व कसे मिळावे, हा वरवर घरगुती दिसणारा प्रश्न वस्तुतः आमच्या इतिहासाचाच एक प्रश्न आहे.

तो पाहावयाचा तर किल्लारीसारखे ठिकाण बरे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने ह्या गावाचे नाव जगास कळले, आणि त्या नावाबरोबर हजारो मृतांची आठवण कायमची जोडली गेली. परंतु तेरणेच्या काठचा हा मुलूख त्यापूर्वीही काही अज्ञातवासात नव्हता. जवळच औसा व नळदुर्ग हे किल्ले. पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर बहामनी सुलतानांची राजधानी बीदर. ईशान्येस उदगीर, जेथे १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामास नमविले. घोडदळे येथून गेली, येथेच राहिली, येथल्याच कडब्यावर पोसली. आणि घोड्यांच्या बाजारांच्या दृष्टीने पाहिले, तर किल्लारी दोन मोठ्या यात्रांच्या मध्ये वसलेली आहे: दक्षिणेस आळंद, उत्तरेस माळेगाव. पहिलीचा घोडेबाजार आता केवळ इतिहासात उरला आहे. दुसरी आजही भरते.

आळंदच्या बाजाराची हकीकत आपणांस एका रशियन व्यापाऱ्याच्या टिपणातून कळते. अफानासी निकितिन हा त्वेर शहराचा रहिवासी इ.स. १४७० च्या सुमारास चौलास उतरला तो एक घोडा बरोबर घेऊन. हा घोडा त्यास शंभर रूबलांस पडला होता, आणि दख्खनमध्ये तो नफ्याने विकला जाईल अशी त्याची आशा होती. जुन्नरास पोचताच तेथील खानाने तो घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देतो, वर पैसेही देतो, अशी अट घातली. मोठ्या मिनतवारीने घोडा सुटला. पुढे बीदरास तो विकला जाईपर्यंत निकितिनास त्याला वर्षभर पोसावे लागले, आणि त्या पोसण्याचा खर्च, अडुसष्ट नाणी, त्याने व्यापाऱ्याच्या नेटकेपणाने लिहून ठेवला आहे. घोड्यांस येथे हरभऱ्यासारखे कडधान्य देतात, साखर व तूपतेल घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने नोंदविले आहे. शेख अलाउद्दीनच्या दर्ग्यापाशी वर्षातून एकदा दहा दिवस भरणाऱ्या बाजाराविषयी तो सांगतो की, तेथे विक्रीस येणाऱ्या घोड्यांची संख्या वीस हजारांपर्यंत जाते. अभ्यासक ह्या जागेची ओळख आळंदशी पटवितात. किल्लारीपासून ते सरळ रेषेने सुमारे पंचावन्न किलोमीटर.

वीस हजारांचा आकडा अतिशयोक्त मानला तरी बाजार मोठा होता यात संशय नाही. मग त्या बाजारात एखाद्या पाटलाने किंवा कुलकर्ण्याने आपल्या मुलासाठी लहानसे जनावर शोधले असते, तर त्यास ते मिळाले असते काय? त्याच्या शेजारी सुलतानाचे सरदार उभे. बहामनी राज्याचे विजयानगरशी हाडवैर. आणि ज्याच्याकडे अधिक घोडा त्याचा जय, हे दोन्ही दरबारांस ठाऊक. पुढे १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले, तेव्हा समुद्रावरून येणारा घोडा आपल्याच बंदरी उतरावा यासाठी त्यांनी केवढा आटापिटा केला! अशा बाजारात किंमत ठरविणारा ग्राहक एकच: लढाई. बाकीचे सर्व केवळ पाहणारे.

निकितिनच्या टिपणात एक विधान असे आहे की, हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत, बैल व म्हशीच पैदा होतात. हे विधान अक्षरशः खरे मानता येत नाही. परंतु ते खोटे म्हणून सोडून द्यावे असेही नाही. त्यातून त्याच्या नजरेचा आणि त्या बाजाराचा अर्थ उलगडतो. ज्यास घोडा म्हणावे असा घोडा म्हणजे रणास नेण्याजोगा, परदेशी, उंच. दारचे तट्टू हे त्याच्या लेखी घोड्यांत जमाच नव्हते. शंभराहून अधिक वर्षांनी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त घोड्यांच्या प्रती लावल्या. अरबी, इराणी अशा पायऱ्या उतरत तो देशी घोड्यांपर्यंत येतो. त्यांतही ताजी उत्तम, जंगला मध्यम, आणि अगदी शेवटी तट्टू. म्हणजे एकाने तट्टाची दखलच घेतली नाही, आणि दुसऱ्याने घेतली ती तळाशी बसविण्यापुरती.

ह्या तळाच्या जनावरावर ज्यांनी राज्य उभारले ते मराठे. भीमा, नीरा, माण ह्या नद्यांच्या काठी देशी घोड्यांत अरबी व तुर्की रक्त मिसळून जी जात सतराव्या-अठराव्या शतकांत नावारूपास आली, ती भीमथडी. थडी म्हणजे काठ. हे जनावर उंचीने तोकडे, दिसण्यात बेताचे. परंतु घाट चढावा, दगडाळ वाटेवर पाय चुकवू नये, पडेल तो चारा खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा मजल मारावी, हे त्याचे गुण. मोगलांचा धिप्पाड घोडा तुपातेलाच्या खिचडीवाचून हतबल होई, तेथे हे तट्टू ज्वारीच्या धसकटावर निभावून नेई. १६९७ साली लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. ज्यास सरकारी घोडा तो बारगीर, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कुणब्याच्या पोराजवळ घोडे विकत घेण्यापुरते पैसे आहेत की नाहीत, एवढ्यावर तो कोणत्या नावाने दौलतीत शिरणार हे ठरत असे. आणि शिलेदाराचा घोडा पडला, की त्याचे सारे भांडवल बुडाले. तट्टाची किंमत ही अशी मनुष्याच्या प्रतिष्ठेची किंमत झाली होती.

१८१८ नंतर हे चित्र पालटले. पेशवाई गेली, फौजा मोडल्या, आणि भीमथडीचा मोठा गिऱ्हाईक नाहीसा झाला. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्यांच्या छावण्या हिंगोली व मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे होत्या, आणि शिलेदारी पद्धतीने स्वार आपला घोडा घेऊन चाकरीस राहत. तोपर्यंत आमच्या बाजारांस थोडीबहुत धुगधुगी होती. १९०३ मध्ये हे सैन्य हिंदी लष्करात विलीन झाले. १९२१ च्या सुमारास शिलेदारी पद्धतच संपली. दरम्यान १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातुरास येऊन ठेपली, आणि १९३२ पासून निजामी राज्यात सरकारी मोटारगाड्या धावू लागल्या. पाटील, वैद्य, कापडाचे फेरीवाले, शाळा तपासणारे अधिकारी हे सर्व तट्टावरून उतरले ते कायमचेच. येथे एक गोष्ट सुचते. लढाई गेली, स्वारी गेली. तेव्हा तरी तट्टू मुलांच्या वाट्यास स्वस्त यावयास हवे होते. तसे झाले नाही. ज्यास गिऱ्हाईक नाही असे जनावर कोणी पैदा करीत नाही. आणि जे पैदा होत नाही ते स्वस्त कसे मिळणार?

आज किल्लारीच्या एखाद्या शिक्षकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी तट्टू घ्यावयाचे ठरविले, तर लातूर व अहमदपूर मागे टाकून त्यास नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावास जावे लागेल. मार्गशीर्ष वद्यात तेथे खंडोबाची यात्रा भरते. देवाचे वाहनच घोडा. तेव्हा घोड्यांचा बाजार त्याच्या दारी भरावा हे योग्यच. पण तेथेही त्या शिक्षकाशेजारी श्रीमंत ग्राहक उभे आहेतच. सरदारांची जागा आता लग्नाच्या मिरवणुकीसाठी पांढराशुभ्र घोडा शोधणाऱ्यांनी, हौशी प्रदर्शनकारांनी आणि नाचऱ्या घोड्याच्या शौकिनांनी घेतली आहे. त्यांस मारवाडी व काठेवाडी घोडे हवेत. उंची हवी, रंग हवा, अंगावर शुभ भोवरे हवेत. मानेखाली देवमण असला की किंमत चढते. एखादा भोवरा अशुभ जागी निघाला की तेच जनावर कोणी हात लावीत नाही.

परंतु येथेच सामान्य गृहस्थाची सोय आहे. मुलास जे जनावर हवे त्याचे गुण नेमके तेच, ज्यांस हा बाजार मोल देत नाही. उंची कमी हवी. वय अधिक हवे, कारण चार वर्षांचे शिंगरू आणि नवशिके मूल यांची जोडी म्हणजे अपघातास निमंत्रण. चाल शांत हवी, डोळा निवांत हवा, गर्दीत व आवाजात न बुजणे हवे. दहाबारा वर्षांचे, दिसण्यात साधे, भोवऱ्यांच्या शास्त्रात नापास झालेले तट्टू शौकिनास टाकाऊ वाटते. मुलास तेच गुरुस्थानी. म्हणून सुज्ञ मनुष्य भोवरे मोजीत नाही. तो तोंड उघडून दात पाहतो, चारही खूर उचलून पाहतो, आणि विकणाऱ्याच्या घरचे पोर त्या जनावरावर बसते का, हे विचारतो. घाईही करीत नाही. यात्रा उठू लागली की न विकलेले जनावर परत नेण्याचा व पोसण्याचा खर्च सौदागरास दिसू लागतो, आणि आरंभी ताठ असलेला शब्द मवाळ होतो.

मात्र किंमत दिली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. निकितिनच्या त्या अडुसष्ट नाण्यांचा धडा पाच शतकांनंतरही तितकाच खरा आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांस महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा मथितार्थ हाच की, दाणावैरण आजच उधळाल तर भरपावसात ती मिळणार नाही, घोडी मरू लागतील, आणि त्याचे पाप तुमच्या माथी येईल. जे छत्रपतींस सांगावेसे वाटले ते गृहस्थाने ऐकून ठेवावे. ज्या मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला, तेथे वर्षभराचा कडबा, चंदी आणि नालबंदी यांचा हिशेब आधी, आणि खरेदीचा मागून.

२०२४ साली राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीस स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, ही आनंदाची वार्ता खरी. शतकानुशतके तळाशी बसविलेल्या जनावराचे नाव अखेर सरकारी दप्तरात चढले. तथापि ह्या आनंदात एक धोका लपलेला आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशभर घोडे व तट्टे मिळून सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्याही आत आली. अशा दुर्मिळतेत मान्यताप्राप्त जातीचे जनावर प्रतिष्ठेची वस्तू होण्यास वेळ लागत नाही. भीमथडीही उद्या हौशी धनिकांच्या तबेल्यात जाऊन बसली, तिच्या वंशावळी सोनेरी चौकटीत लागल्या, आणि तेरणेकाठच्या शिक्षकाच्या मुलीस ती परवडेनाशी झाली, तर आपण जात वाचविली असे होईल. तट्टू मात्र गमावले असेल. कारण तट्टू हे केवळ रक्ताने तट्टू नसते. सामान्य घराच्या दारात उभे राहणे हाच त्याचा धर्म आहे.

जातीचे रक्षण करू पाहणाऱ्यांनी म्हणून एवढे पाहावे, की दर वर्षी पैदा होणाऱ्या जनावरांपैकी काही मुलांसाठी शिकवून तयार केली जातील, आणि ती माळेगावच्या बाजारात शौकिनांच्या घोड्यांपासून वेगळ्या दावणीस, वेगळ्या भावाने उभी राहतील. शाळांनी दोनचार जनावरे सामाईक पाळली तर कडब्याचा बोजाही वाटून घेता येईल. हे काम मोठे नाही. परंतु ते झाले नाही, तर ज्या भूमीच्या स्वारांनी नर्मदा ओलांडली, तिच्या लेकरांस घोडा दिसेल तो फक्त वरातीत, आणि तोही खालून.